बिनधुराचा कोळसा

"दार लोटून घे गं, बाळाला वारा लागेल," आई म्हणाली आणि पेटलेली शेगडी दोन्ही हातांत धरून खोलीत आली.

मी दार लोटलं. माझं दहावीचं वर्ष होतं, सराव परीक्षेआधीची सुट्टी लागली होती आणि निफाडची थंडी अशी पडली होती, की अंगणातल्या पाण्यात सकाळी हात घालवत नव्हता. घरात उबदार अशी एकच जागा होती, ताईची खोली. मी भूगोलाचं पुस्तक घेऊन तिथेच मुक्काम ठोकला होता.

विशाखाताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळाचं बारसं नुकतंच झालं होतं, शर्विल नाव ठेवलं होतं, पण ते अजून कुणाच्या तोंडात बसलं नव्हतं. सगळे बाळच म्हणायचे. खिडकीला आईनं आतून गोणपाट ठोकलं होतं, त्यावर जुनी सतरंजी. ताईच्या कानांना रुमाल, पायांत लोकरी मोजे. दोघांची आंघोळ झाली की बाजेखाली शेगडी यायची, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशोपा आणि लसणाची सालं पडायची. त्या धुरानं आमच्या डोळ्यांतून पाणी यायचं. थोड्या वेळानं कुणीतरी "आता पुरे" म्हणून दार किलकिलं करायचंच. रोजचा क्रम होता तो.

त्या दिवशी मात्र डोळे चुरचुरले नाहीत. ओव्याचा थोडा वास आला आणि विरून गेला.

"कोळसा बदललास का गं?" ताईनं बाजेवरून वाकून खाली पाहिलं.

मीही पाहिलं. शेगडीत गोल, चपट्या, मधे खळगा असलेल्या वड्या होत्या, ताटलीत बिस्किटं मांडावीत तशा. कडांनी लाल झाल्या होत्या.

"बाभळीचा संपला," आई म्हणाली. "बाहेर पेटवताना जरा तडतडला हा. पण आता बघ, धुराचं नाव नाही."

"देवाच्या दुकानातला आहे का? उदाचा?"

"तसलाच."

तेवढ्यात निनाद आला. माझा भाऊ, बारावीला होता. पाठीला सॅक, गळ्यात मफलर. क्लासला निघण्याआधी तो रोज बाळाच्या तळपायाला नाक घासायचा आणि ताई रोज त्याला हाकलायची.

"थंड नाक लावू नकोस रे त्याला."

"भाच्याला मामाची सवय झाली पाहिजे. काय भाचेसाहेब, मामासारखं दिसायचं की बापासारखं? विचार करून सांगा."

"बापासारखं दिसू दे. निदान केस तरी विंचरेल."

"निनाद," आई म्हणाली, "बघ रे, कसला छान कोळसा आहे."

निनादनं खाली पाहिलं. बाळाचा पाय त्याच्या हातात होता, तो तसाच राहिला.

"धूर नाही, राख नाही," आई म्हणाली. "आणखी लागेल मला. कुठे मिळतो, काही माहीत आहे का तुला?"

"मला? मला काय माहीत."

"नाही, विचारलं आपलं."

त्यानं बाळाचा पाय दुपट्यात घातला, ताईकडे न बघता "येतो" म्हणाला आणि गेला. अंगणात सायकलचा स्टँड आपटल्याचा आवाज आला. आई दाराकडे बघत उभी होती.

"पोहे टाकून गेला," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादं काम मनासारखं झालं की ती पदराला हात पुसायची, तसे तिनं पुसले.

"आज दार किलकिलं करायला नको," ती निघताना म्हणाली. "धूरच नाही तर कशाला? मस्त ऊब राहील. मी डिंक कुटते तोवर. ऋजू, तू इथेच बस आणि मोठ्यानं वाच, म्हणजे ताई झोपणार नाही लगेच."

तिनं बाहेरून दार ओढून घेतलं. मग दाराखालच्या फटीत काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. जुना टॉवेल असावा.

मी मोठ्यानं वाचू लागले. ब्राझीलमधले वनप्रकार.

"बाई गं," ताई म्हणाली, "तुझा भूगोल ऐकून हे पोरगं माझ्या आधी झोपलं."

"मग विज्ञान वाचू?"

"नको. मग मी आधी झोपेन."

आम्ही दोघी हसलो. मला आठवतं, हसताना कपाळात काहीतरी टोचलं. फार नाही. चष्मा बदलायला हवा असं वाटलं. स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा आवाज येत होता, एकसारखा, आणि त्या आवाजावर गुंगी येत होती.

"डोकं जड झालंय गं माझं," थोड्या वेळानं ताई म्हणाली.

"आंघोळीनं झालं असेल."

"हं. पोटातही मळमळतंय. त्या मालिशवाल्या मावशींनी आज पोट फारच चोळलं." मग ती भिंतीकडे वळली.

मी वाचत राहिले. एक ओळ वाचायची, पुढची शोधायची, तर पुन्हा तीच ओळ समोर. मी पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं. खोलीत किती छान वाटत होतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. ऊब होती. बाळ गप्प होतं. ताईचा श्वास ऐकू येत होता. खलबत्ता थांबला, दार थोडं उघडलं आणि फटीत आईचा चेहरा दिसला.

"झोपली वाटतं दोघं," ती हळू आवाजात म्हणाली. "झोपू दे. रात्रभर पोरीला झोप नाही."

मला काहीतरी सांगायचं होतं. डोकं दुखतंय, असंच काहीसं. पण बोलण्याइतकं ते महत्त्वाचं वाटेना. आईनं दार ओढून घेतलं, टॉवेल पुन्हा सरकवला.

मग मला बाळाची आठवण झाली. त्याची दुधाची वेळ टळून गेली होती. एरवी वेळ चुकली की तो घर डोक्यावर घ्यायचा. मी मनाशी म्हटलं, उठून बघू या. मी तसं म्हटलं आणि उठले नाही. पुन्हा म्हटलं. मग माझ्या लक्षात आलं की पाय उठत नाहीयेत. मुंग्या आल्या असतील म्हणून मी हातानं पाय चोळायला गेले, तर हातही वाटेतच राहिला. तेव्हा मी घाबरले. आईला हाक मारायची म्हणून तोंड उघडलं, तर आवाज असा आला की तो मलाच लांबून आल्यासारखा वाटला. समोर बाज होती. बाजेवर ताईचा हात लोंबकळत होता. त्या हातावरच्या हिरव्या बांगड्या मला दिसत होत्या आणि मी त्यांच्याकडे सरपटत जायला निघाले. किती पुढे गेले, ठाऊक नाही. फरशी गालाला लागली. ती गार होती, एवढं कळलं.

नंतरचा आवाज दाराचा. कुणीतरी लाथ मारून ते उघडलं होतं.

"खिडकी! खिडकी उघड!" निनाद ओरडत होता. पण खिडकीपाशी तोच होता. त्यानं सतरंजी ओढली, गोणपाटाला दोन्ही हातांनी लटकला, खिळ्यांसकट ते फाटून खाली आलं. उजेड आत घुसला.

"अरे काय करतोयस? वारा लागेल त्याला!" आई धावत आली.

"आई, उचल त्याला! बाहेर ने! आधी बाहेर ने!"

"झोपलाय तो."

"झोपला नाहीये!"

आईनं बाळाला उचललं. त्याची मान मागे गेली. आईनं ती हातानं सावरली, पुन्हा गेली. मी जमिनीवरून ते बघत होते. आई ओरडली नाही. तिनं बाळाला छातीशी धरलं आणि अनवाणी अंगणात पळाली.

निनादनं ताईच्या काखेत हात घालून तिला बाजेवरून ओढलं. ती त्याच्याहून जड होती, अंगावर दोन शाली. उंबऱ्यापर्यंत नेताना तो रडत होता आणि "ताई, ए ताई, शिव्या दे ना मला, ए ताई," असं काहीतरी बोलत होता. मग पलीकडचे पगारनाना आले. मला कुणी उचललं, ते आठवत नाही. अंगणात आले तशी मला उलटी झाली आणि डोळ्यांपुढचं थोडं स्वच्छ झालं.

नानांची पिकअप दारातच उभी होती, द्राक्षांचे रिकामे क्रेट भरलेली. त्यांनी ते भराभर खाली फेकले. मागच्या हौद्यात ताईला निजवलं, तिचं डोकं निनादच्या मांडीवर. आई बाळाला घेऊन बसली. गाडी रस्त्याला लागली तसा तो झोंबरा वारा चहूकडून अंगावर आला. आई बाळाचं दुपटं सोडत होती. कानांवरचं टोपरं काढलं, छाती उघडी केली आणि त्याला त्या वाऱ्यात समोर धरलं.

"घे," ती त्याला म्हणत होती. "घे रे बाळा. घे."

डॉक्टर बोरस्त्यांचा दवाखाना बाजारपेठेच्या टोकाला होता. ताईचं बाळंतपण त्यांनीच केलं होतं. त्यांनी बाळाला एका सिस्टरच्या हाती दिलं, ताईच्या पापण्या उचलून पाहिल्या, दंडाला ब्लड प्रेशरचा पट्टा बांधला.

"झटका आला होता का? हातपाय वाकडे झाले होते?"

"नाही," आई म्हणाली.

"ताप? रक्तस्राव?"

"नाही."

"सकाळपासून काय खाल्लं होतं? डोकं दुखत होतं म्हणाली होती का?"

"दुखत होतं," मी म्हणाले. मला भिंतीशी बाकावर बसवलं होतं. "माझंही दुखतंय."

डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा ताईकडे. "बाळंतिणीला असे झटके येतात कधी कधी. सिस्टर, इंजेक्शन काढा."

"सर," निनाद म्हणाला. "सर, कोळसा."

"काय?"

"शेगडीतला कोळसा."

"अरे, शेगडी इथे घरोघरी असते."

"तसला नाही तो. तो…" निनादच्या तोंडून पुढचं निघेना. डॉक्टर इंजेक्शनकडे वळले.

"हुक्क्याचा कोळसा आहे, डॉक्टर," आई म्हणाली.

पगारनाना दारात उभे होते, त्यांनी खाली पाहिलं.

"याचा आहे. हा आणि याचे मित्र ओढतात. मी याच्या कपाटातून काढून शेगडीत घातला." आई हे अगदी सरळ आवाजात बोलली, दुकानात सामान सांगावं तशी.

"हुक्क्याचा असो नाहीतर चुलीचा," डॉक्टर म्हणाले, "खोली बंद होती का?"

"बंद होती. फटसुद्धा नव्हती. धूरच येत नव्हता, म्हणून मी…"

"किती वेळ?"

"आंघोळीपासून."

"याच्या आधी आमचा एक जण पडलाय," निनाद आता बोलू लागला आणि थांबेना. "मंगेश. त्यांच्या बागेत फवारणीची औषधं ठेवायची खोली आहे, तिथे बसायचो आम्ही. वास बाहेर जाऊ नये म्हणून शटर पूर्ण ओढून. दिवाळीत तो असाच पडला. आधी डोकं दुखतंय म्हणाला, मग झोप येतेय म्हणाला, मग उठेचना. आम्ही ओढत बाहेर काढला. बाहेर आल्यावर उठून बसला. आम्हाला वाटलं, उपाशीपोटी ओढला म्हणून झालं. क्लासमध्ये बसलो होतो सर, एकदम डोक्यात आलं, शटर बंद होतं. शटर बंद होतं आणि…"

"तेव्हा घरी कुणाला सांगितलं होतंस?"

"नाही."

डॉक्टरांनी इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं. "सिस्टर, ऑक्सिजन. आधी बाळाला. दुसरा सिलिंडर आतून आणा. या मुलीलाही लावा." मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "निखाऱ्यातून विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो, तो दिसत नाही. धूर झाला तर माणूस निदान दार तरी उघडतो."

त्यांनी आई आणि निनादला बाहेर पाठवलं. माझ्या तोंडावर मास्क होता, बाक दाराला लागून होतं. आतलं आणि बाहेरचं दोन्ही मला ऐकू येत होतं. आत सिलिंडरचा फुसफुस आवाज होता, सिस्टरच्या चपला होत्या. बाळाचा आवाज नव्हता.



"तुला माहीत होतं?" निनादनं विचारलं.

"तुझ्या शर्टांना वास यायचा. सफरचंदाचा. आधी वाटलं, कसला तरी साबण असेल."

"कधीपासून?"

"बरेच दिवस. मग कपाट आवरताना ते पुडे मिळाले. चिमटाही होता."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते? तू 'माझे नाहीत' म्हणाला असतास. मग मी काय करणार होते?" आई थांबली. "तुझे बाबा नांदेडला. त्यांना फोनवर कळवलं असतं तर त्यांनी तुला पट्ट्यानं मारलं असतं. मला वाटलं, तू बघशील शेगडीत. आईला कळलंय, हे तुला कळेल. लाज वाटेल आणि सोडशील."

"मी बघितलं होतं आई. मला कळलं होतं."

"मग?"

"तू ओरडशील म्हणून पळालो."

मास्कच्या आत माझे गाल भिजले होते आणि ते पुसावेत की नाही, मला कळत नव्हतं. आत डॉक्टर बाळाच्या तळपायावर टिचक्या मारत होते. एक, मग थांबून आणखी एक. सिस्टर काहीतरी पुटपुटत होती. मी ताईकडे पाहिलं. तिची छाती वरखाली होत होती, तेवढ्याचाच धीर होता. मी पुन्हा बाळाकडे पाहिलं, आणि मग पाहणं सोडून दिलं. डोळे घट्ट मिटून घेतले आणि नुसती ऐकत बसले.

तो रडला तेव्हा आधी मला ते रडणं वाटलंच नाही. मांजराच्या पिल्लासारखा चिरका आवाज आला, तुटला, मग पुन्हा आला. मग मात्र त्यानं सूर धरला.

निनाद धावत आत आला. आई आली नाही. सिस्टरनं तिला हाक मारली, "आजी, या ना आत," तर तिनं बाहेरूनच मान हलवली. मी वाकून पाहिलं. ती दोन्ही हात पदराखाली घेऊन भिंतीला टेकून उभी होती.

ताई दुपार कलल्यावर शुद्धीवर आली. सकाळचं तिला काही आठवत नव्हतं.

संध्याकाळी कोपरगावहून तिची सासरची माणसं आली. त्याआधी आईनं आम्हाला दोघांना जवळ घेतलं.

"शेगडीचा धूर कोंडला, एवढंच सांगायचं. निनादचं नाव कुणी घ्यायचं नाही. विशाखाला तर नाहीच नाही."

"पण आई, मग सगळं तुझ्यावर येईल," निनाद म्हणाला.

"येऊ दे. भावानं काय केलं, हे तिनं सासरी ऐकायचं का? आणि मी माहीत असून काय केलं, तेही?" तिनं आमच्या तोंडाकडे पाहिलं. "डॉक्टरांना सांगावं लागलं, ते सांगितलं. आता बास."

सव्वा महिना व्हायच्या आत ताईच्या सासूबाई दोघांना दवाखान्यातूनच कोपरगावला घेऊन गेल्या. पुढे कधीही काही कार्य असलं, बाळ आईकडे द्यायची वेळ आली, की त्या सगळ्यांसमोर म्हणायच्या, "आजीबाईंकडे देताना खिडक्या उघडा हो आधी!" सगळे हसायचे. आईही हसायची. ताईचं दुसरं बाळंतपण सासरीच झालं.

निनादनं पुन्हा हुक्का ओढला की नाही, मी त्याला कधी विचारलं नाही. आमच्या घरात विचारत नसत.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आई गेली. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यातच गेली, दवाखान्यात न्यायला वेळच मिळाला नाही. दिवसकार्य आटोपून निनाद पुण्याला परतला. बाबांसाठी मी राहिले. दिवाळीच्या सुट्टीत ताई शर्विलला घेऊन आली, आईची कपाटं आवरायला. शर्विल आता दहावीला आहे. मामासारखाच दिसतो, केसही विंचरत नाही. वरच्या खोलीत दार लावून पडलेला असायचा. जेवायला हाक मारली की यायचा, निम्मं जेवायचा, पुन्हा वर जायचा.

एका दुपारी बाबा झोपले होते, मी आईच्या साड्यांच्या घड्या घालत होते. ताई आली आणि माझ्यासमोर मूठ उघडली. हातात काळसर, चपटी, पेनड्राइव्हसारखी वस्तू होती.

"त्याच्या ट्रॅकपँटच्या खिशात होती. धुवायला घेतली म्हणून सापडली. वास घे."

मी घेतला. आंब्याचा वास होता, चॉकलेटच्या कागदाला येतो तसा.

"ई-सिगारेट आहे, ताई."

"ठाऊक आहे मला. शाळेच्या ग्रुपवर फोटो आला होता." तिचा आवाज अगदी सपाट होता. "उन्हाळ्यापासून त्याच्या खोलीत हा वास येतोय. मला वाटत होतं, च्युइंगम खातो."

"काय म्हणाला?"

"त्याला काही बोलले नाहीये मी. बोलले तर नाही म्हणेल. मित्राची आहे म्हणेल. आणि त्याच्या बाबांना कळलं तर बघायलाच नको." तिनं ती वस्तू पदराच्या टोकानं पुसली. "मी ठरवलंय. आईच्या फोटोसमोर ठेवणार. संध्याकाळी दिवा लावताना येतो ना तो नमस्काराला, दिसेल. काही बोलायला नको. त्याचं त्याला समजेल."

माझ्या हातातली साडी खाली पडली.

"काय झालं?" ताई म्हणाली. "पांढरीफटक पडलीयेस."

शेगडी ठेवून पदराला हात पुसणारी आई मला दिसली, इतक्या वर्षांनी, जशीच्या तशी. मी तिला बस म्हटलं. ती बसली नाही. मी निनादला फोन लावला. तो ऑफिसात होता.

"निनाद, ताई समोर आहे. तिला शेगडीचं सांगायचंय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा, दार उघडल्याचा आवाज आला. "स्पीकरवर टाक," तो म्हणाला.

मी टाकला.

"ताई, ते कोळसे माझे होते," निनाद म्हणाला.

त्यानं सगळं सांगितलं. जिथे तो अडला, तिथे मी सांगितलं. आई काय म्हणाली होती, कपाट आवरताना काय मिळालं होतं, शेगडी दाखवून तिनं त्याला काय विचारलं होतं. ताई साड्यांच्या ढिगाकडे बघत ऐकत होती. मधेच एकदा तिनं विचारलं, "म्हणजे आईनं मुद्दाम…?"

"कोळसा मुद्दाम," मी म्हणाले. "बाकीचं नाही."

"आणि इतकी वर्षं माझ्या सासूबाई तिला सगळ्यांत हसत होत्या. मी पण हसायचे."

फोन केव्हा बंद झाला, कळलं नाही.

ताईनं ती काळी वस्तू उचलली. एकदा देव्हाऱ्याशेजारच्या आईच्या फोटोकडे पाहिलं. मग ती जिन्याकडे निघाली. मी तिच्या मागे गेले. तिचा हात कठड्यावर होता आणि पायरीगणिक ती थांबत होती, आजारातून उठल्यासारखी.

वरचं दार आतून लावलेलं होतं.

"शर्विल."

"काय आहे?"

"दार उघड."

"झोपलोय मी."

"उघड बाळा."

"आता काय केलं मी? ओरडायचं असेल तर नंतर ओरड ना, प्लीज."

"ओरडायला नाही आले."

"मग कशाला आलीयेस?"

ताईनं कपाळ दाराला टेकवलं.

"मला भीती वाटतेय रे," ती म्हणाली. "फार भीती वाटतेय. म्हणून आलेय."